तिरकं बघा

त्या गावातली माणसं एखादी गोष्ट नीट बघायची म्हटली की मान वाकडी करत. नव्या माणसाला वाटे, इथल्या पाण्यातच काही दोष असावा. दोष नव्हता, शिकवण होती, आणि ती दिली होती एका निवृत्त भूगोलमास्तरांनी. दुर्बिणीतून अंधुक तारकापुंज बघायचा तर त्याच्यावर डोळे रोखायचे नाहीत. नजर जरा बाजूला न्यायची, म्हणजे तो डोळ्याच्या कडेला हळूच उमटतो. डोळ्याचा मधला भाग उजेडात हुशार आणि अंधारात ढ. कडांचं उलट असतं. हे शास्त्र आहे, मास्तरांची थाप नव्हे. दुर्बिणीशेजारी उभे राहून ते प्रत्येकाच्या कानाशी सांगत, "तिरकं बघा, तिरकं!" गावाने त्यांना तिरकेमास्तर करून टाकलं. आपलं खरं नाव पत्रावर आलं की तेच क्षणभर गोंधळत.

त्यांची एकुलती एक लेक बाजारात चष्म्याचं दुकान चालवायची आणि डोळे तपासायची. तिला सगळे चष्मेवाली म्हणत. "बापाने नजर वाकडी करायची, लेकीने सरळ करायची. घरचं गिऱ्हाईक घरातच!" असं समोरची बेकरीवाली दर दोन दिवसांनी म्हणे आणि प्रत्येक वेळी स्वतःच पहिल्यांदा हसे.

आई गेल्यापासून मास्तर लेकीकडेच राहत होते. दुपारी दुकानातल्या कोपऱ्यातल्या स्टुलावर बसून ते आल्यागेल्याशी गप्पा मारत, आणि लेक आतल्या खोलीत डोळे तपासू लागली की भिंतीला डोकं टेकून डोळे मिटत. तिला वाटे, म्हातारा जरा विसावतोय. बसेना का.

आणि वय झालं तरी खगोल मंडळाची जुनी व्हॅन मात्र तेच चालवत. गावाबाहेरच्या माळावर पोरांना आकाश दाखवायला न्यायचं तर मास्तरांनीच न्यायचं. गेल्या वर्षी त्यांच्या परवान्याची मुदत संपली तेव्हा नजरेची तपासणी लेकीनेच केली होती. मास्तर छाती काढून सांगत, "लेकीने पास केलंय मला. आणि माझी लेक वशिला चालवून घेत नाही, बरं का!"

त्या शनिवारी वाचनालयाच्या सभागृहात जत्रेसारखी गर्दी होती. अवकाशात नवी दुर्बीण गेली होती, तिची पहिली छायाचित्रं आली होती, आणि गावोगावची खगोल मंडळं आपापल्या परीने आनंद साजरा करत होती. इथल्या मंडळाने सोनेरी कागदाचे षट्कोनी तुकडे पुठ्ठ्यावर चिकटवून दुर्बिणीचा आरसा केला होता. त्यातला एक तुकडा उलटा लागला होता आणि त्यावरून दोन पालकांचं वाजलंही होतं. चहा होता, बिस्किटं होती, पोरांचा कालवा होता. चारला समारंभ, आणि दिवे लागायच्या सुमाराला मास्तर पोरांना व्हॅनमधून माळावर नेणार होते. चष्मेवालीची आठ वर्षांची मुलगीही त्यात होती. घरात तिला चिमणी म्हणत, कारण ती गप्प बसत नसे.

ग्रंथपालबाईंनी पडदे ओढले. मास्तर पांढऱ्या भिंतीशेजारी उभे राहिले. हातात माइक, अंगात इस्त्रीचा सदरा. चष्मेवाली बाजूच्या भिंतीला टेकून उभी होती. तिला आपल्या बाबांचा अभिमान वाटत होता आणि तो लपवायचा ती काडीचाही प्रयत्न करत नव्हती. गेले पंधरा दिवस म्हातारा घरच्या संगणकाला नाक टेकून ते नवं छायाचित्र घोकत होता. चिमणीला शेजारी बसवून विचारत होता, "सांग बघू, डावीकडे काय? वर काय?" परीक्षेला बसलेल्या पोरानेही इतका अभ्यास केला नसेल.

"आधी जुनं बघा," मास्तर म्हणाले. "जमिनीवरच्या दुर्बिणीने काढलेलं. आकाशाचा एवढासा कोपरा. हात लांब करून धरलेल्या वाळूच्या कणामागे झाकला जाईल, एवढाच."

भिंतीवर काळपट चौकोन आला. त्यात चार-पाच पुसट ठिपके, पाटीवरून खडू अर्धवट पुसावा तसे. लोक हसले. मास्तरही हसले.

"आणि आता," त्यांनी हात उंचावला, "तोच कोपरा. नवी दुर्बीण!"

ग्रंथपालबाईंनी बटण दाबलं. भिंतीवर काही झालं नाही. तोच काळपट चौकोन, तेच चार-पाच ठिपके. बाईंनी पुन्हा बटण दाबलं, मग यंत्राच्या कुशीत एक चापट मारली. संगणक अडून बसला होता.

मास्तर मात्र बोलू लागले होते.

"बघा! काय बघा! मधोमध हा पांढरा पुंजका दिसतोय ना, त्यात शेकडो दीर्घिका आहेत. आणि त्याच्याभोवती या नारिंगी कमानी. बांगडीचे तुकडे पडावेत तशा. मागून येणारा प्रकाश वाकलाय, म्हणून त्या तशा दिसतात. हा वरचा लाल थेंब बघा, तो तर इतका लांबचा की तिथून प्रकाश निघाला तेव्हा आपली पृथ्वीसुद्धा नव्हती."

सभागृहात कुजबुज झाली. लोक भिंतीकडे बघत होते. भिंतीवर कमान नव्हती, थेंब नव्हता, नारिंगी तर औषधालाही नव्हतं.

"मास्तर, नीट दिसत नाही हो," मागून कुणीतरी म्हणालं.

"दिसत नाही?" मास्तर खळखळून हसले. "इतकी वर्षं काय शिकवलं तुम्हाला? तिरकं बघा, तिरकं!"

आणि अख्ख्या सभागृहाने मान वाकडी केली.

चष्मेवालीला आधी हसू आलं. वाण्यापासून डॉक्टरांपर्यंत, आजीपासून शेंबड्या पोरापर्यंत सगळे माना वळवून, डोळ्यांच्या कोपऱ्यातून त्या काळ्या चौकोनात नारिंगी कमानी शोधत होते. आणि माणसाची जात अशी की चारजण शोधायला लागले की पाचव्याला सापडतंच. "हो हो, आली, आली!" कुणीतरी ओरडलं. "कमान दिसली मला!" दुसऱ्याने दुजोरा दिला. तिसऱ्याला तर दोन दिसल्या.

हसता हसता तिचं हसू थांबलं.

समोर रांगा होत्या. रांगांमध्ये माना होत्या. सगळ्या एकाच बाजूला वळलेल्या, हनुवटी जरा वर, नजर समोरच्या वस्तूला चुकवून पलीकडे लागलेली. अशी मान तिने कुठे तरी रोज पाहिली होती. आकाशाखाली नव्हे, आपल्या तपासणीच्या खोलीत. डोळ्याच्या पडद्याला मधोमध डाग पडला की माणूस अशीच मान धरतो. समोरचं पुसलं जातं, कडेचं तेवढं उरतं, आणि बिचारा त्या कडेने जग बघायला शिकतो. असा पेशंट दारातून आत आला की खुर्चीत बसायच्या आधीच ती ओळखायची. त्याबद्दल गावात तिचं नाव होतं.

तिने बाबांकडे बघितलं. त्यांची मानही तशीच होती. ती कायमच तशी असायची. तिला कळायला लागल्यापासून तशीच होती. वर्तमानपत्र वाचताना तशी, चहा गाळताना तशी, तिच्या लग्नातल्या फोटोतसुद्धा तशी. म्हणून तर त्या मानेकडे तिने कधी बघितलंच नव्हतं.

हल्ली वर्तमानपत्र चिमणी वाचून दाखवायची. "पोरीचं वाचन सुधारेल," बाबा म्हणाले होते. हल्ली ते दारात आलेल्या माणसाला आधी "बोला, बोला!" म्हणत आणि आवाज ऐकल्यावरच नाव घेत. पंधरवड्यापूर्वी भर बाजारात ती त्यांच्या समोरून आली आणि ते तिला न ओळखता पुढे निघून गेले, तेव्हा ती बेकरीवालीला म्हणाली होती, "बघा, आमचे बाबा कायम आभाळात!" दोघी किती हसल्या होत्या. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात, तो कळसा गेली किती वर्षं तिच्या काखेत होता कोण जाणे.

"मास्तर!" पहिल्या रांगेतून बेकरीवालीचा खणखणीत आवाज आला. या बाईच्या जिभेला हाड नव्हतं, आणि त्या दिवशी ते नव्हतं हेच बरं झालं. "अहो, कसली कमान नि कसलं काय! हे तर मघाचंच चित्र आहे. मशीन बंद पडलंय तुमचं!"

वळलेल्या माना सरळ झाल्या. फक्त एक सोडून.

मास्तरांच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला. ते भिंतीकडे वळले. त्यांचे डोळे चौकोनाच्या कडेकडेने फिरले, एकदा या बाजूने, एकदा त्या बाजूने, मांजर बंद दाराभोवती फिरतं तसे. लेक बघत होती. भिंत त्यांच्यापासून दोन हातांवर होती. दोन हातांवर घराएवढं चित्र होतं, आणि बाबांना ते दिसत नव्हतं.

मग मास्तरांनी टाळी वाजवली.

"शाबास!" ते ओरडले. "शाबास, बेकरीवाल्या बाई! एवढ्या गर्दीत एकच माणूस निघालं स्वतःच्या डोळ्यांनी बघणारं! बाकीच्यांना मी सांगितलं तेच दिसलं. विज्ञानात पहिला धडा कुठला? मास्तर सांगतो म्हणून दिसलं म्हणायचं नाही!"

सभागृह हास्याने फुटलं. टाळ्यांचा कडकडाट झाला. दोन कमानी दिसलेला माणूस खुर्चीत लपायला जागा शोधू लागला. "मास्तर म्हणजे मास्तरच!" लोक एकमेकांना टाळ्या देत होते. चष्मेवालीचे हात मात्र उचलेनात. तेवढ्यात संगणकाची गाडी रुळावर आली आणि भिंतीवर नवं छायाचित्र उमटलं. सोन्याचांदीचा चुरा उधळावा तशा दीर्घिका, मध्ये पांढरा पुंजका, त्याभोवती नारिंगी कमानी, वर लाल थेंब. सगळं मास्तरांनी सांगितलं होतं तसंच, जागच्या जागी. लोकांच्या तोंडून एकदम "आहा!" निघालं.

"हं, आता आलं," मास्तर म्हणाले.

"आहा" आधी आलं, मास्तर नंतर बोलले. हे फक्त तिच्या लक्षात आलं.

आणि आता तिला गेल्या वर्षीची ती तपासणी आठवली. बाबा खुर्चीत बसले होते. समोर अक्षरांचा तक्ता. एक डोळा झाकून वाचा, दुसरा झाकून वाचा. "मान सरळ ठेवा ना बाबा," ती म्हणाली होती. "अगं, उभ्या जन्माची खोड, आता मोडते होय?" ते म्हणाले होते. दुसऱ्या कुणाची मान तिने हाताने धरून सरळ केली असती. बाबांची राहू दिली. आणि त्यांनी तक्ता घडाघडा वाचला होता. अगदी तळाची बारीक ओळसुद्धा, जी तरण्याताठ्या पोरांनाही अडखळवते. तिने कौतुकाने त्यांचा गालगुच्चा घेतला होता आणि सही केली होती. त्या सहीच्या जोरावर हा माणूस व्हॅन चालवत होता. आजही चालवणार होता. चिमणीला घेऊन.

पण ज्याला भिंतीएवढं चित्र दिसत नाही, त्याने तळाची ओळ वाचली कशी? या प्रश्नाशी ती अडखळून उभी राहिली. भानावर आली तेव्हा पडदे उघडले होते, खुर्च्या सरकत होत्या आणि मास्तर भिंतीजवळ नव्हते.

"बाबा कुठे गेले?" तिने ग्रंथपालबाईंना विचारलं.

"पोरांना घेऊन खाली गेले की. उशीर झाला म्हणत होते. पण काय रंगवलं हो मास्तरांनी आज! मी तर खरंच घाबरले होते, वाटलं, यांना..."

पुढचं ऐकायला ती थांबली नाही. जिन्यावर पालक होते, चहाचे कप होते, पुठ्ठ्याचा तो सोनेरी आरसा खाली नेणारी माणसं होती. "जरा बाजूला व्हा," म्हणत ती माणसांतून वाट काढत होती. काय सांगायचं लोकांना? मास्तर आंधळे होत आलेत? आणि मी, या गावाची चष्मेवाली, मला पत्ता नाही? आरशाला धक्का लागला, दोन सोनेरी तुकडे सुटून पायऱ्यांवरून घसरत गेले. कुणीतरी मागून शिवी हासडली.

ती मागच्या अंगणात पोचली तेव्हा व्हॅनचं इंजिन सुरू झालं होतं. दिवस कलला होता, अजून दिवे लागायचे होते. व्हॅनची दारं लागलेली, आत पोरांचा गोंधळ, मास्तरांच्या बाजूची काच वर. अंगणाच्या दुसऱ्या टोकाला फाटक, आणि बाहेर पडायचा तेवढा एकच रस्ता. व्हॅनच्या मागे धावून उपयोग नव्हता. ती भिंतीच्या कडेने पळत पुढे गेली आणि फाटकाच्या मधोमध, व्हॅनच्या नाकासमोर, दोन्ही हात पसरून उभी राहिली.

व्हॅन सावकाश पुढे आली.

काचेमागे तिला बाबांचा चेहरा दिसत होता. ते समोर बघत होते. तिरकं नव्हे, अगदी सरळ. थेट तिच्या चेहऱ्यावर नजर होती. आयुष्यात बहुधा पहिल्यांदाच ते तिच्याकडे इतकं सरळ बघत होते, आणि त्यांच्या तोंडावरची रेषही हलली नाही. तिने हात हलवले. "बाबा!" ती ओरडली. इंजिनाच्या घरघरीत ते विरून गेलं. बाबा मजेत होते. पोरांकडे न वळता ते काहीतरी विचारत होते. शेजारी बसलेल्या चिमणीच्या बाजूची काच जरा खाली होती, म्हणून तिला ते ऐकू आलं.

"चिमणे, तुझी आई येणार होती ना गं? कुठे राहिली ही बया?"

"आजोबा!" चिमणी किंचाळली. "आई समोर आहे! समोरच आहे!"

मास्तरांनी मान वळवली. डोळ्याच्या कोपऱ्यात लेक उमटली असावी, कारण त्यांच्या तोंडाचा आ झाला. ब्रेक करकचून लागला. व्हॅन गचका खाऊन थांबली तेव्हा तिच्या पोटाला बॉनेटची ऊब लागत होती. आत पोरं एकमेकांच्या अंगावर पडली. मग एकाने रडायला सुरुवात केली.

इंजिन बंद झालं. मास्तर खाली उतरायला धडपडले, पायरी चुकली, दाराला धरून सावरले. लेक जागची हलली नाही. तिचे हात अजून पसरलेलेच होते. खाली कसे घ्यायचे ते तिला सुचत नव्हतं.

"तू होतीस होय," मास्तर म्हणाले. "मला वाटलं, फाटक मोकळं आहे."

"किती दिवस झाले बाबा?"

अंगणात पालक जमू लागले होते. बेकरीवाली सगळ्यांच्या पुढे होती, आणि जन्मात एकदा तीसुद्धा गप्प होती. मास्तरांनी त्या सगळ्यांवरून मान फिरवली, एकदा या कोपऱ्यातून, एकदा त्या. मग सदऱ्याच्या बाहीने कपाळ पुसलं. मघाशी सभागृहात त्यांनी गोष्ट सावरून घेतली होती. इथेही सावरतील म्हणून लोक वाट बघत होते. ब्रेकवर काही विनोद, आईच्या मायेवर काही. मास्तरांच्या तोंडात तो आलाही असेल. त्यांनी तो गिळला.

"मला सरळ दिसत नाही," ते मोठ्याने म्हणाले, सगळ्यांना ऐकू जाईल असं. "मधलं काहीच दिसत नाही. हिला माहीत नव्हतं. हिला बोल लावू नका."

एका आईने व्हॅनचं दार उघडून आपलं पोर बाहेर ओढलं आणि छातीशी धरलं. मग दुसरीने. सकाळी तयारीसाठी हीच पोरं याच व्हॅनमधून आली होती, हे एकेकाच्या ध्यानात येत होतं आणि एकेकाचा चेहरा पांढरा पडत होता.

"पण मी तपासलं होतं तुम्हाला," चष्मेवाली म्हणाली. तिला रडू फुटलं होतं, आणि रडण्याहून जास्त राग आला होता. "माझ्या हाताने तपासलं होतं! शेवटची ओळसुद्धा वाचलीत तुम्ही!"

मास्तरांनी खिशातून रुमाल काढला, परत ठेवला. व्हॅनची किल्ली काढून तिच्यासमोर धरली. तिने किल्ली घेतली तरी त्यांनी तिची बोटं सोडली नाहीत.

"उद्या पुन्हा तपास," ते म्हणाले. "पण दुसरा तक्ता आण, पोरी. दुकानातला मला पाठ आहे. रोज दुपारी ऐकतो ना स्टुलावर बसून."